मित्राला भेटायचा शर्ट

मे महिना लागला की आमच्या संत तुकाराम नगरात सकाळी सकाळी गाड्यांची दारं आपटल्याचे आवाज यायला लागतात. शाळांना सुट्ट्या लागलेल्या. कुणी कोकणात निघालेलं, कुणी गावी, कुणी नुसतंच कुठेतरी. डिकीत बॅगा बसत नाहीत म्हणून नवरा-बायकोची धुसफूस चाललेली असते आणि पोरं मात्र केव्हाच सीटवर जाऊन बसलेली असतात. गाडी जागची हललेली नसते आणि ही तोंडानं हॉर्न वाजवतात. गॅलरीत उभी राहून मी हे बघते. चहा गार होतो. होऊ दे.

परवा माझा मुलगा सुजित जेवताना म्हणाला, "आई, पोरांना घेऊन बंगळूरला जाऊन येतो म्हणतोय. गाडीनंच. सावकाश, थांबत थांबत."

"एवढ्या लांब? एवढ्या उन्हात?"

"एसी आहे ना गाडीत. आणि वाटेत एक-दोन मित्रांनाही भेटता येईल."

सूनबाई, प्राजक्ता, ताटाकडे बघत जेवत होती. मी म्हटलं, जा की. पोरांनी रस्ता बघितला पाहिजे.

बोलून गेले, आणि मग दिवसभर एक दुसराच रस्ता डोळ्यांपुढून हलेना. त्या रस्त्याला एसी नव्हता. धड सीटही नव्हती. पण आयुष्यात मी पुष्कळ हिंडले, नोकरीत असताना सरकारी खर्चानं विमानातसुद्धा बसले, तरी 'प्रवास' म्हटलं की मला आठवतो तो बिडाच्या ओतीव लोखंडावर बसून केलेला एकच.

सत्तरच्या दशकातला तो एक मे महिना. आम्ही पिंपरीत रेल्वेच्या रुळांपलीकडे एका चाळीत राहायचो. वर पत्रा. तो असा तापायचा की दुपारी आई दारावर ओलं गोणपाट बांधायची आणि त्याच्या सावलीत आम्हा तिघांना आडवं करायची. मी, माझ्या पाठचा बाळ्या आणि नुकती चालायला लागलेली सुनंदा. वडील, म्हणजे आमचे अण्णा, एका कंपनीत टर्नर होते. लेथवर उभे राहून लोखंडाचे गोल गोल छिलके काढायचे. ते छिलके कधीकधी शर्टाच्या बाहीत अडकून घरी यायचे, निळसर, स्प्रिंगसारखे. आमची खेळणी तीच. अण्णांच्या अंगाला तेलाचा एक वास असायचा. साबणानं जायचा नाही. आजही एखाद्या गॅरेजवरून जाताना तो वास आला की माझं पाऊल आपोआप मंदावतं.

आता ब्रेकबद्दल सांगायला हवं, कारण आजच्या पोरांना ते कळणार नाही. टेंपररी कामगाराचे ठरावीक महिने भरत आले की त्याला कायम करावं लागू नये म्हणून कंपनी मध्येच घरी बसवायची. याला ब्रेक म्हणत. मग पुन्हा बोलावलं तर बोलावलं, नाही तर नाही. चाळीतल्या कुणाबद्दल नळावर बायका "वाघमाऱ्यांना ब्रेक मिळाला" असं म्हणायच्या ते घरात कुणाला टायफॉईड झाल्यासारखं, आवाज खाली घेऊन. आम्हा पोरांचं गणित वेगळं होतं. ब्रेक म्हणजे बाप दिवसभर घरी. ब्रेक म्हणजे दुपारी गोट्या खेळायला अण्णा. अण्णांना ब्रेक मिळाल्यावर बाळ्यानं तर चाळभर दवंडी पिटली, "आमच्या अण्णांना ब्रेक मिळाला! तुमच्या बाबांना नाही मिळाला?" शेजारच्या काकूंनी देवाकडे हात जोडून म्हटलं, "नको रे बाबा. तुझा तुलाच लखलाभ."

त्या मे महिन्यात ब्रेक लांबला. बोलावणं येईना. अण्णा रोज सकाळी पहिल्या भोंग्याला उठून बसायचे, तोंड धुवायचे, आणि मग कुठे जायचं नाही हे आठवल्यासारखे दारात उभे राहायचे. त्या कंपनीचं दार आता आपल्याला उघडणार नाही हे आई-अण्णांना कळून चुकलं होतं. नवी पोरं भरती झाली होती. दुसरं काम मिळालं नाही तर खोली सोडून गावी, आष्टीकडे परत जायचं, असं दोघांचं ठरत आलं होतं. गावी शेतीचा तुकडा होता, तो चुलत्यांनाच पुरत नव्हता. आणि गावात शाळा चौथीपर्यंत. मी नुकतीच चौथी पास झाले होते. म्हणजे माझं शिक्षण तिथंच थांबलं असतं. हे सगळं मला पुढे कितीतरी वर्षांनी कळलं. त्या वेळी मला एवढंच कळलं, की आम्ही फिरायला चाललोय.

चाळीत शेवटच्या खोलीत हणमंतकाका राहायचे, मूळचे मावळातले. त्यांच्याकडे तीनचाकी टेंपो होता, पुढे सोंडेसारखं नाक असलेला. भोसरीच्या वर्कशॉपांचा माल ते गावोगाव पोचवायचे. एका संध्याकाळी ते दारात उकिडवे बसले आणि म्हणाले, "जालन्याला पंपाची बिडाची बॉडी टाकायचीय. चल माझ्यासंगं. वाटंत नगर हाय, औरंगाबाद हाय, नवं कारखानं निघाल्यात तिकडं. चार गेटं बघ की."

"आणि ही? पोरं?" अण्णा म्हणाले.

"त्यास्नी हितं पत्र्याखाली कशापायी भाजत ठिवतो? टाक की मागं. वैनी, याल न्हवं?"

आईनं एका क्षणात सांगितलं, "येणार. मला तरी पिंपरीच्या पुढं कुठं काय दिसलंय?" मग आत येऊन पत्र्याची ट्रंक ओढली आणि तळाशी घडी करून ठेवलेला अण्णांचा पांढरा टेरिकॉटचा शर्ट बाहेर काढला. लग्नानंतर एकदाच कधीतरी घेतलेला. तांब्यात निखारे घालून तिनं तो शर्ट इतका निगुतीनं फिरवला की आम्ही दोघं शेजारी बसून बघत राहिलो.

टेंपोत खाली ओतीव बॉडी, त्यावर पोती, पोत्यांवर गोधड्या, गोधड्यांवर आम्ही. वर ताडपत्री. पुढे हणमंतकाका, अण्णा, आणि दोघांच्या मध्ये बाळ्या. आणि मागे, ताडपत्रीच्या आडव्या काठीला, हँगरवर तो शर्ट. टेंपो हलला की शर्ट हलायचा. खड्ड्यात गेला की खांदे उडवायचा. आमच्यातला एक जादा प्रवासीच तो. आईची सक्त ताकीद होती. "त्याला हात लावाल तर बघा! तेलकट बोटं दिसली तर दोघांना इथंच उतरवीन."

"मग तो शर्ट कशाला घेतला?" मी विचारलं.

आईनं हँगर काठीला पुन्हा नीट बसवला. पुढून हणमंतकाकांनी इंजिनाच्या आवाजावर ओरडून उत्तर दिलं, "आगं पोरी, तुज्या बापाचं दोस्त हायती गावोगावी! दोस्ताकडं जायाचं तर चांगलं कापड नगं व्हय?"

झालं. तेवढ्यावर आम्ही खूश. आपल्या बापाचे गावोगावी मित्र आहेत, ही बातमी त्या वयात केवढी असते!

भोसरी सुटली, मोशी सुटली, आणि चाकण यायच्या आधीच कांद्याचा वास आला. तेव्हा चाकण म्हणजे कांदा. रस्त्याच्या कडेनं ढिगांवर ढीग, गुलाबी, सुटलेली सालपटं वाऱ्यावर उडत टेंपोत यायची. सुनंदा ती पकडायला बघायची. आज त्या रस्त्यानं गेलं की दोन्ही बाजूंनी काचेचे आणि पत्र्याचे कारखाने, आणि त्यांच्या आवारातून नव्याकोऱ्या गाड्यांच्या रांगा. माझा मुलगा तिथेच नोकरीला लागला. मी त्याला सांगते, इथं कांदा वाळायचा. तो म्हणतो, हो आई, मागच्या वेळीपण सांगितलंस.

भीमेचा पूल आला तेव्हा आईनं आम्हाला उठवून पाणी दाखवलं. उन्हाळ्याची रोडावलेली धार, तरी तिनं हात जोडले. शिरूरच्या पुढे दोन्ही बाजूंना चिंचेची आणि कडुनिंबाची जुनी झाडं होती. त्यांच्या सावल्या ताडपत्रीवरून सरसर मागं जायच्या. लोखंड सकाळी गार असायचं आणि दुपारपर्यंत पोत्यातून चटका द्यायचं. आई गोधडीवर पाणी शिंपडायची. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कांदा. वळणावर टेंपो एका अंगाला कलला की तिचा आवाज यायचा, "हं, धरा गं." आणि ती एका हातानं सुनंदाला धरायची, दुसऱ्या हातानं शर्टाला.

आईला वाचता येत नव्हतं. म्हणून दिसेल ती पाटी मोठ्यानं वाचायचं काम माझ्याकडे. मैलाचे दगड, चहाच्या हॉटेलांची नावं, भिंतीवरच्या खतांच्या जाहिराती. "वाच गं शकू," ती म्हणायची, "तू वाचलंस की रस्ता ओळखीचा वाटतो." आमच्या सगळ्या घराण्यात पदवी घेणारी पहिली मी. हे सांगताना माझा आवाज जरा चढतो, लोक मनात हसतात, हसू देत. माझ्या पदवीचा पहिला धडा कुठल्या शाळेत झाला नाही. तो त्या टेंपोच्या मागच्या फळीवर झाला.

नगरला पहिला मित्र होता. एका कारखान्याच्या फाटकाजवळ टेंपो उभा राहिला. अण्णांनी हापशावर तोंड धुतलं, केस नीट केले, टेंपोच्या आडोशाला शर्ट घातला. आईनं कॉलर सरळ केली. मी फाटकावरची पाटी वाचली, सवयीनं, खणखणीत आवाजात: "कामगार भरती बंद आहे." आईचा हात कॉलरवरच थांबला.

"अण्णा, ती पाटी—"

"जुनी आहे ती," अण्णा म्हणाले. "आणि मित्रांना पाटी लागू नसते."

ते आत गेले. बराच वेळ गेला. आम्ही शेंगा फोडत बसलो. ते परत आले, शर्ट काढून हँगरला लावला, बनियनवर पुढे जाऊन बसले. बाळ्यानं विचारलं, "भेटला मित्र?"

"भेटला की."

"काय दिलं त्यानं?"

अण्णांनी मग खिशातून लिमलेटच्या गोळ्या काढल्या. "हे तुमच्यासाठी दिलंय."

आणि मग नगरातला प्रत्येक मित्र काही ना काही द्यायचाच. कुणी गोळ्या, कुणी दोन केळी, कुणी बाळ्याला लाल रंगाचा फुगा. ते सगळं फाटकाबाहेरच्या टपरीवर मिळत होतं, हे आम्हाला कळायचं वय नव्हतं. एकदा मी विचारायला गेले, मित्र काय म्हणाला, तर आईनं मला मागं ओढलं आणि कानात म्हणाली, "मित्राला भेटून आलं की माणूस दमतं. पाणी द्यायचं, आणि काही विचारायचं नाही."

त्या प्रवासातला सगळ्यात सुंदर दिवस मात्र एका चुकीमुळे मिळाला. अशी चूक पिंपरी-भोसरीच्या माणसांशिवाय कुणी करणार नाही. आमच्याकडे कारखान्यांची सुट्टी गुरुवारी. विजेच्या वाटणीमुळे ते कधी ठरलं असेल, पण आमच्या हाडात ते असं भिनलं होतं की रविवारची सुट्टी शाळेची आणि गुरुवारची सगळ्या जगाची, एवढंच आम्हाला ठाऊक. बुधवारी संध्याकाळी आम्ही प्रवरासंगमाला पोचलो तेव्हा हणमंतकाका म्हणाले, "उद्या बेस्तरवार. औरंगाबादंत समदं बंद आसंल. जालन्याला माल बी कोन उतरून घेनार न्हाई." अण्णांनी मान डोलावली. दोघांना त्यात काही शंकासुद्धा आली नाही.

मग तो पूर्ण गुरुवार आम्ही गोदावरी आणि प्रवरेच्या संगमावर काढला. झाडाखाली टेंपो. घाटाच्या पायऱ्यांवर आईनं सगळ्यांची धुणी धुतली आणि दगडांवर वाळत घातली. अण्णा पाण्यात उतरले. माझा बाप पोहतो, हे मला त्या दिवशी कळलं. पिंपरीत मी त्यांना एकतर कामाला जाताना बघितलं होतं किंवा झोपलेले. इथे ते पाठीवर पडून आकाशाकडे बघत होते आणि पोटावर बाळ्या बसला होता, होडीत बसल्यासारखा. "अण्णा, हात मारा, तिकडं चला!" काठावर आई सुनंदाचे पाय पाण्यात बुडवत हसत होती. तिला इतकी मोठ्यानं हसताना चाळीत कुणी ऐकलं नसेल. संध्याकाळी हणमंतकाकांनी तीन दगडांवर वांगी-बटाटा केला, तिखटजाळ. नाकातून पाणी गळत होतं आणि कुणी थांबत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी औरंगाबादच्या अलीकडे चहाच्या टपरीवर अण्णा सहज म्हणाले, "काल कारखाने बंद म्हणून संगमावर थांबलो."

टपरीवाला म्हणाला, "काल? बंद कशापायी? काल तर चालू होते."

"गुरुवार ना काल."

"मग गुरुवारी काय, उपास असतो का कारखान्याला?"

अण्णा आणि हणमंतकाका एकमेकांकडे बघत राहिले, आणि मग असे हसायला लागले की हणमंतकाकांच्या बशीतला चहा सांडला. "राव, आपल्याला वाटलं, दुनियेची लाईट आपल्यासंगंच जाती!" अण्णांच्या शोधातला एक दिवस वाया गेला होता. पण ते हसत होते. आमच्या खात्यात मात्र तो दिवस कायमचा जमा झाला. आज साठी उलटल्यावरही डोळे मिटले की पहिलं ते पाणी दिसतं.

औरंगाबादेत शर्ट दोनदा अंगावर चढला. पहिल्या फाटकातून ते लवकर परत आले. दुसऱ्या फाटकावर रखवालदारानं आतच जाऊ दिलं नाही. ते लांबून आम्हाला दिसत होतं. अण्णा काही सांगत होते, रखवालदार मान हलवत होता. परत आल्यावर त्यांनी शर्ट काढलाच नाही. तसेच टेंपोच्या सावलीत जमिनीवर बसले. पांढऱ्या शर्टाला धूळ लागत होती, तरी आई त्यांना रागावली नाही. तांब्या पुढे केला. बाळ्यानं सवयीनं विचारलं, "काय दिलं मित्रानं?" अण्णांनी खिसे चाचपले. त्या दिवशी ते टपरीवर जायचे विसरले होते. मग त्यांनी बाळ्याला उचलून खांद्यावर घेतलं आणि म्हणाले, "हे दिलं. उंच बसायला दिलं."

पुढे फक्त जालना. तिथे माल उतरवायचा आणि मागं फिरायचं. मित्र संपले होते. अण्णांनी शर्टाची घडी करून पोत्याखाली सारली, तेव्हा टेंपोच्या मागच्या भागात एकदम मोकळं मोकळं वाटायला लागलं. काठीला नुसता हँगर हलत राहिला.

जालन्याचं ते वर्कशॉप म्हणजे एक मोठा पत्र्याचा शेड आणि समोर कडुनिंब. निंबाखाली बाजेवर मालक बसलेले, माणिकशेठ म्हणायचे त्यांना. जाड भिंगाचा चष्मा, धोतर, बशीतून चहा. हणमंतकाका आणि अण्णा बनियनवर बॉडी उतरवायला लागले. अण्णांची माल उतरवायची पद्धत हमालाची नव्हती. हाताला आलेली प्रत्येक बॉडी ते नकळत फिरवून बघायचे, तोंडावरून अंगठा फिरवायचे, मग खाली ठेवायचे.

आई माझ्या केसांची वेणी घालत होती, म्हणून बाळ्या कधी उतरला ते कुणाला कळलं नाही. बघतो तर तो माणिकशेठच्या बाजेपाशी उभा, हात मागे बांधून.

"तुम्ही आमच्या अण्णांचे मित्र का?"

"कोनाचं लेकरू हाय रे तू?" माणिकशेठ म्हणाले. "कोन तुझे अण्णा?"

"ते काय तिथं. आज त्यांनी मित्राचा शर्ट नाही घातला."

"मित्राचा शर्ट? तो कसा असतो?"

"पांढरा. मित्राला भेटायचं असलं की घालतात. नगरला कितीदा तरी घातला, औरंगाबादला दोनदा घातला." मग बाळ्यानं मोठ्या माणसासारखा सुस्कारा टाकला. "पण त्यांचे मित्र असले कसले? एकपण आम्हाला जेवायला बोलवत नाही."

आईच्या हातातली माझी वेणी तशीच राहिली. हणमंतकाका बॉडी छातीशी धरून उभे. अण्णा आमच्याकडे पाठ करून उभे होते. त्यांचे कान लाल झालेले मला मागून दिसत होते. कुठेतरी शेडमध्ये लेथ चालू होता, त्याची एकसुरी घरघर तेवढी.

माणिकशेठनी टेंपोकडे बघितलं. गोधड्या, भांडी, आई, सुनंदा, मी. मग अण्णांकडे बघितलं. बशी खाली ठेवली.

"आरं लेकरा," ते म्हणाले, "तो दोस्त मीच की. तुमचीच वाट बघत बसलो होतो. एवढा उशीर लावतेत का? घरात रस काढून ठेवलाय, काळा पडायला लागला." आणि घराकडे तोंड करून हाक मारली, "आवो, ऐकलं का? पिंपरीचे पाव्हणे आले. पोळ्या टाका."

बाळ्यानं वळून आमच्याकडे असं बघितलं की, बघा, मी म्हटलं नव्हतं!

रस-पोळी. वर तूप. माणिकशेठच्या बायकोनं आईला आत नेलं, डोक्याला तेल लावलं, सुनंदाला आंघोळ घातली. रस कोपरापर्यंत ओघळत होता. बाळ्या मध्येच माणिकशेठना म्हणाला, "तुम्ही चांगले मित्र आहात," आणि ते म्हणाले, "तुझ्या बापानं आधी वळख करून दिली नाही, त्याला मी काय करू?"

अण्णा पोळीचा तुकडा नुसताच रसात फिरवत होते. शेवटी ते म्हणाले, "शेठ, पोरगं लहान आहे. त्याला माहीत नाही..."

"त्याला सगळं माहीत हाय," माणिकशेठ म्हणाले. "काम कोनतं येतं?"

"टर्नर आहे."

"ते दिसलं मला. बॉडीच्या तोंडावर अंगठा फिरवत होतास. हमाल कशाला बघतोय तोंड?" मग चष्मा पुसत म्हणाले, "माझ्याकडं जागा नाही. खोटं कशाला बोलू? पन माझा साडू मानसाच्या शोधात हाय. चांगला टर्नर टिकत नाही म्हनून रडत असतो. त्याचं स्वतःचं वर्कशॉप हाय."

"कुठं?" अण्णांनी विचारलं.

"भोसरीत."

मग हणमंतकाका हातातली पोळी ताटात टाकून ओरडले, "भोसरीत? आरं, माज्या टेंपोचं पाठचं चाक रोज तितल्याच गल्लीत पंक्चर हुतंय की! मंग माजं एवढं तेल कशापायी जाळलं रं, भावा?" हसण्याच्या त्या गदारोळात मी अण्णांकडे बघितलं. तेही हसत होते, आणि रसाच्या वाटीत डोळ्यांतून पाणी पडत होतं. मला वाटलं, वांगी-बटाट्यासारखंच काहीतरी तिखट लागलं असेल.

घरापासून सायकलच्या अंतरावरचं काम शोधायला आम्ही अर्धा महाराष्ट्र पालथा घातला होता. पुढे लोक अण्णांना हे चेष्टेनं ऐकवायचे. ते म्हणायचे, "घरी बसून कळलं असतं का मला?" आणि खरंच, कुणी सांगितलं असतं? भोसरीच्या त्या गल्लीतल्या फाटकासमोरून ते कितीदा गेले असतील. तिथेही एक पाटी असेल.

त्याच वर्कशॉपमध्ये अण्णांचं उरलेलं आयुष्य गेलं. ब्रेक हा शब्द आमच्या घरातून गेला. आम्ही गावी गेलो नाही. मी पाचवीत गेले, मग हायस्कुलात, मग कॉलेजात. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मला पदवी मिळाली तेव्हा अण्णा समारंभाला तोच पांढरा शर्ट घालून आले होते. टेरिकॉट मरत नाही. फक्त कॉलर पिवळी पडली होती. मी म्हटलं, "अण्णा, नवा घ्यायचा ना." तर म्हणाले, "मित्राला भेटायला आलोय." तेव्हा मला सगळं ठाऊक झालेलं होतं. आईनं दहावीच्या सुट्टीत कधीतरी सांगून टाकलं होतं. गाऊन घातलेल्या मुलींच्या त्या गर्दीत मी बापाचा तो तेलाचा वास घेत नुसती उभी राहिले.

अण्णा फोरमन झाल्यावर आमच्या घरात एक बोलायची पद्धत पडली. संध्याकाळी चपला काढता काढता ते म्हणायचे, "आज एक मित्र आला होता." म्हणजे कुणीतरी इस्त्रीचा शर्ट घालून कामासाठी फाटकावर आला होता. जागा असो नसो, अण्णा स्वतः बाहेर जायचे. पाण्याचा तांब्या घेऊन जायचे. आणि जागा नसली तर कुठे आहे ते चार ठिकाणी विचारून ठेवायचे. माणिकशेठ पुढे लवकरच गेले. त्यांना फेडायचं राहिलं, असं अण्णांना कधी वाटलं नाही. ते म्हणायचे, ज्यानं दिलं त्यालाच परत द्यायचं असतं, असं कुणी सांगितलं?

मी विचार करते, त्या दोघांनी आमच्यापासून किती लपवलं, आणि त्या लपवण्यातून आम्हाला किती दिलं. त्यांच्या आयुष्यातले सगळ्यात वाईट दिवस आमच्या आयुष्यातले सगळ्यात चांगले दिवस होऊन बसले. भीती त्यांनी पुढच्या सीटवर ठेवली आणि आम्हाला मागं वारा दिला. सुनंदाला यातलं काहीच आठवत नाही, ती लहान होती. पण गुलाबी कांद्याची सालपटं वाऱ्यावर उडताना दिसली की तिला उगाच बरं वाटतं म्हणे. तिला कारण माहीत नाही. मी सांगितलेलं नाही.

आज सकाळी सुजितची गाडी निघाली. मी दशम्या केल्या होत्या, शेंगदाण्याची चटणी दिली होती. डबा द्यायला खाली गेले. नात सई आणि नातू ओम केव्हाच जाऊन बसले होते. मागचं दार उघडलं आणि डबा ठेवता ठेवता माझा हात थांबला.

मागच्या खिडकीवरच्या हुकाला हँगर होता. त्यावर पांढरा शर्ट. कडक इस्त्रीचा, वरून प्लॅस्टिकचं आवरण.

फिरायला जाताना कुणी असा शर्ट नेत नाही.

मी सुजितकडे बघितलं. तो टायरची हवा बघत होता. गेले काही दिवस तो घरूनच काम करतोय म्हणत होता. लॅपटॉप मात्र मिटलेला असायचा. प्राजक्ताची आणि माझी नजर भेटली. तिनं डोळ्यांनीच मला काहीतरी सांगितलं, की विचारू नका. मी विचारणार नव्हतेच. प्लॅस्टिकला हात लावून मी शर्टाची कॉलर नुसती सरळ केली. सरळच होती ती.

"आजी," सई म्हणाली, "बाबाचे मित्र आहेत ना तिकडे, ते आम्हाला काही देतील?"

"देतील की. सगळे मित्र देतात." मी गाडीत वाकले आणि तिच्या कानाशी गेले. "पण एक लक्षात ठेव हं. मित्राला भेटून आला की बाबा दमलेला असेल. तेव्हा त्याला पाणी द्यायचं. आणि काही विचारायचं नाही."

"बरं," ती म्हणाली, आणि लगेच आपली पाण्याची बाटली काढून मांडीवर घेऊन बसली.